पिंपांना सांगायचं राहिलं

ऑफिसातल्या फ्रिजच्या दारावर आयलिनने एक कागद चिकटवला होता आणि दूध काढायला गेलेली मी तो वाचत उभी राहिले. या वर्षीची सहल, देशातल्या वाइनच्या अगदी छोट्या मुलखात, चालत, खात, पीत. सकाळी फ्रांकफुर्टहून गाडी, बेन्सहाइमला उतरायचं, मळ्यांमधून दोन तास चालायचं, आणि शेवटी वाइडनबाखला ट्राउटमानांच्या अंगणात बसायचं. घरचं शिजवलेलं चीज, कांद्याचा खारा केक, या हंगामाची नवी वाइन. ट्राउटमान या नावापुढे आयलिनने हिरव्या पेनाने द्राक्षांचा घड काढला होता. मागून कोणीतरी म्हणालं, रोसविथा, फ्रिज बंद कर, बीप बीप करतोय. मी बंद केला, दूध न घेताच. ट्राउटमान हे माझं माहेरचं नाव. इथे ते कोणाला ठाऊक नाही. घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली तरी मी नवऱ्याचंच नाव लावते. बदलायला फार कागदपत्रं लागतात असं मी सांगते, आणि मूळची कुठली म्हणून कोणी विचारलं तर डार्मश्टाटची म्हणते. खोटं म्हणावं तर तसं फार खोटं नाही, गाडीने वीस-पंचवीस मिनिटांचा काय तो फरक.

आमचं ऑफिस विम्याचं, आणि माझ्या टेबलावर येतात ते पाणी गळण्याचे दावे. वरच्या मजल्यावरचा नळ, खालच्या मजल्यावरचं छत, मधे दोन कुटुंबं जी एकमेकांशी बोलत नाहीत. चूक कोणाची हे मी ठरवते. बावीस वर्षं ठरवतेय. पहिल्या काही वर्षांत मला या कामाचा चांगलाच नाद होता, फोटोतल्या ओल्या डागाच्या कडा बघून मी पाणी कधीपासून मुरतंय ते सांगायची. आता कंटाळा येतो. डाग दिसतो तिथे गळती नसते, ती कुठेतरी लांब असते आणि पाणी आपल्या सोयीने वाट काढत येतं, एवढंच मी या नोकरीत शिकले. त्या दिवशी मी एकही दावा निकालात काढला नाही. संध्याकाळी घरी येऊन बूट न काढता पलंगावर पडले आणि छताकडे बघत राहिले. सहलीच्या दिवशी ताप आला म्हणून कळवावं हे पहिल्यांदा सुचलं, आणि दुसऱ्यांदा सुचलं की असा ताप मला बत्तीस वर्षं येतोच आहे.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा आजोबा गेले. फेब्रुवारीतली सकाळ होती. मी फ्रांकफुर्टला शिकत होते, सुट्टीत घरी आले होते. आमच्याकडे मालक गेला की त्याचे डोळे मिटल्यावर पहिलं काम तळघरातलं असतं. घरातल्या कोणीतरी खाली जायचं, प्रत्येक पिंपावर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायचं आणि सांगायचं, मालक गेले, आता अमका मालक. नाही सांगितलं तर वाइनही मालकामागे निघून जाते. बाबा आजोबांच्या हनुवटीखाली रुमाल बांधत होते. वर न बघता मला म्हणाले, जा, पिंपांना सांगून ये. आजोबा गेले, आता फालेंटिन मालक म्हण. फालेंटिन म्हणजे ते स्वतः. मी खाली गेले. सात पिंपं. थंडी अशी की श्वास दिसत होता. मोठ्या पिंपासमोर मी हात वर केला, आणि मला माझंच हसू आलं. हसू म्हणजे आनंदाचं नव्हे. त्या काळी माझा एक मित्र होता, समाजशास्त्र शिकणारा, गोल चष्म्याचा. तो माझ्या खांद्यावरून हे सगळं बघतोय असं मला वाटलं. लाकडाशी बोलणारी खेडवळ पोरगी. मी हात खाली घेतला. शेवटच्या पायरीवर बसून राहिले, साधारण एवढं ठोकायला जितका वेळ लागेल तितका वेळ, आणि मग वर येऊन म्हणाले, सांगितलं. बाबांनी मान हलवली. आजोबांना मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर त्या रुमालाची गाठ होती, दात दुखणाऱ्या माणसासारखी.

मे महिन्यात मोठं पिंप नासलं. बाराशे लिटर पांढरी रीसलिंग, वर्षाची निम्मी कमाई. बाबांनी चव घेतली, थुंकली, परत चव घेतली. मग अंगणात येऊन उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारपाजारचे चार जण फाटकाशी जमले, कोणी म्हणालं उष्णता, कोणी म्हणालं बूच, आणि म्हाताऱ्या शुस्टरने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, फालेंटिन, पिंपांना सांगितलं होतंस ना रे? बाबा म्हणाले, माझ्या मुलीने सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही. मी त्या सत्रात घरीच थांबले होते, स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटं पुसत होते. तो दिवस आणि आजचा दिवस. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. वाइन ठोकण्याने टिकते यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. पण विश्वास नसणं एका जागी आणि बाराशे लिटर दुसऱ्या जागी, आणि त्यांच्यामधे बाबांचं ते वाक्य. जूनमध्ये मी जी फ्रांकफुर्टला गेले ती गेलेच. द्राक्षतोडणीला आले नाही, परीक्षा आहे म्हणून. पुढच्या वर्षीही परीक्षा. मग नोकरी, मग लग्न, मग नवऱ्याला द्राक्षांची ॲलर्जी, जी त्याला कधीच नव्हती. नाताळला मात्र न चुकता जायचे. दुपारी बाराला पोहोचायचं, बदक खायचं, चारच्या गाडीने परत. तळघरात वाइन आणायला कधीच उतरले नाही, योस्तला पाठवायचे. योस्त माझा धाकटा भाऊ, मळा आता तोच बघतो. त्याची बायको मार्लिस मला एकदा म्हणाली होती, वन्सं, तुम्ही येता तेव्हा कोट दाराजवळच्या खुंटीवर लावता, आत कपाटात ठेवत नाही. मी हसून वेळ मारून नेली.

या वर्षी मार्चमध्ये बाबांना झटका आला. हलकाच, योस्त फोनवर म्हणाला, डावा हात थोडा ऐकत नाही, आणि नावं विसरतात. काल कुत्र्याला आईच्या नावाने हाक मारली. मी विचारलं, जुनं आठवतं का? तो म्हणाला, अजून आठवतं, पण डॉक्टर म्हणतात पुढे सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या पोटात एक घड्याळ लागलं होतं. बाबा गेले तर माझं ते सांगायचं राहील याची भीती होतीच, पण आता त्याहून वाईट दिसत होतं, बाबा जिवंत असतील, समोर बसले असतील, आणि ते ऐकून घेणारा माणूस त्यांच्यात उरलेला नसेल. एप्रिलमध्ये जाईन म्हटलं, मग जूनमध्ये. आणि आता आयलिनने फ्रिजवर तारीखच लावून ठेवली होती. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. जायचं आणि सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. वाक्यही तयार केलं, दाव्याच्या अहवालात असतं तसं, सरळ, विशेषणं नसलेलं.

बेन्सहाइमहून आम्ही चौदा जण निघालो. आयलिन पुढे, हातात नकाशा, प्रत्येक फाट्यावर थांबून, मंडळी, आता डावीकडे. मला प्रत्येक फाटा डोळे मिटून माहीत होता आणि मी मुकाट्याने डावीकडे वळत होते. ऊन चांगलं होतं. मळ्यांत तोडणी चालू होती, ओळींमधून कात्र्यांचा आवाज आणि बायकांची बोलणी येत होती, आणि वाटेवर सांडलेल्या द्राक्षांवर गांधीलमाश्या. एका भिंतीजवळ अंजिराच्या पानांचा वास आला. हा वास मी विसरले होते असं मला वाटत होतं. हिशेबखात्यातला ग्रेगोर माझ्याबरोबर चालत होता, त्याला प्रश्न फार. हा मुलूख एवढा छोटा कसा, इथली वाइन शहरात का मिळत नाही. मी म्हणाले, इथलेच लोक पिऊन टाकतात. तो म्हणाला, तुला कसं माहीत? मी म्हणाले, कुठेतरी वाचलं. वळणावर वर श्टार्केनबुर्गचा किल्ला दिसला तेव्हा मी ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. बरं वाटलं नाही. नंतर दोनदा म्हणून पाहिलं तर ते कोणा दुसऱ्याचं वाटायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

आमच्या फाटकावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली होती, आत वाइन आणि जेवण मिळतं याची खूण. जुडी आहे तोवर घर सगळ्यांचं, ती उतरली की घर आमचं, असं आई म्हणायची. अंगणात पाच लांब टेबलं, तीन भरलेली. मी सगळ्यांच्या मागे राहिले, ग्रेगोरच्या रुंद पाठीआड. मार्लिस हातात सहा ताटं घेऊन स्वयंपाकघरातून आली, तिने आमच्या घोळक्याकडे पाहिलं, ताटं टेबलावर ठेवली, आणि नमस्कार नाही की चमत्कार नाही, कमरेचा ॲप्रन सोडून माझ्या हातात दिला.

"बरं झालं आलात वन्सं. योस्त मळ्यात अडकलाय, आणि मला दोनच हात आहेत."

आयलिनचं तोंड उघडं राहिलं. "वन्सं? रोसविथा, हे तुझं घर?"

"माहेर."

"आणि तू डार्मश्टाटची ना? दोन तास मी नकाशा धरून तुला तुझ्याच घरी घेऊन आले, आणि तू मुकाट चाललीस माझ्यामागे?"

"छान वाट दाखवलीस," मी म्हणाले. टेबलावर हशा पिकला. ग्रेगोर म्हणाला, कुठेतरी वाचलं म्हणे. मी ॲप्रन बांधला. बांधताना लक्षात आलं, हात आपोआप पाठीमागून पुढे गाठ मारतात, आईसारखी.

पुढचा तास मी वाढत होते. चीज मार्लिसचं होतं, पण पद्धत आईचीच. चक्का तीन दिवस चुलीजवळ उबेला ठेवायचा, पिवळा पडून घरभर वास सुटेपर्यंत, मग लोणी आणि चिमूटभर सोडा घालून तार येईपर्यंत घोटायचा, वर शहाजिरे. त्यावर व्हिनेगरमधला बारीक कांदा. या कांद्याला आमच्याकडे संगीत म्हणतात. आयलिनने विचारलंच, संगीत का? शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला, बाई, ते नंतर वाजतं, उद्या सकाळी कळेल. मंडळी नवी वाइन पीत होती, गढूळ, गोड, अजून पोटात फसफसणारी, आणि मी सगळ्यांना बजावत होते की जपून, ही दिसते तशी गरीब नाही. मधेच ग्रेगोर म्हणाला, हा कांदा काय झालाय, हे व्हिनेगर कुठलं? मार्लिस म्हणाली, घरचंच. एक पिंप नासलं होतं फार पूर्वी, त्याचंच मूळ मामंजी अजून विरजणासारखं जगवतायत, मागच्या शेडमध्ये, त्यात दरवर्षी थोडी वाइन ओततात. माझ्या हातातून एक काटा खाली पडला. मी वाकून उचलला, धुवायला आत नेला आणि मोरीशी नळ सोडून तशीच उभी राहिले. म्हणजे प्रत्येक नाताळला, बदकाबरोबरच्या बटाट्याच्या कोशिंबिरीत, मी ते खाल्लं होतं. छान झालीय म्हणून दुसऱ्यांदाही घेतली होती.

बाबा मागच्या बाजूला, द्राक्षं पिळायच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसले होते. मांडीवर थाळा आणि थाळ्यात या वर्षीचे ओले अक्रोड. कवची फुटलेली होती, आतल्या गरावरची कडू साल ते नखाने काढत होते, उजव्या हाताने, डाव्या हाताने नुसतं धरून. ते खूप लहान झाले होते. नाताळला कोट घातलेले बघायची सवय, आता शर्टात त्यांचे खांदे हँगरसारखे दिसत होते. मी ॲप्रनला हात पुसत शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला हाक कोणत्या नावाने मारतात याची मला भीती वाटत होती, आईच्या की कुत्र्याच्या.

"रोसी," ते म्हणाले. "अजून नाताळ कुठे आलाय?"

"ऑफिसची सहल आहे बाबा."

"हां. मग ठीक." त्यांनी एक पांढराशुभ्र सोललेला अक्रोड माझ्या तळहातावर ठेवला. पलीकडून अंगणातलं हसणं येत होतं. आयलिनने सांगितलं होतं, साडेचारला निघायचं. चार वाजून गेले होते. मी अक्रोड खाल्ला आणि तयार केलेलं वाक्य शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून जे तोंडाला आलं ते म्हणाले.

"बाबा, आजोबा गेले त्या दिवशी मी पिंपांना सांगितलं नव्हतं. नुसती पायरीवर बसून वर आले. खोटं बोलले तुमच्याशी."

बाबा सोलत होते. मला वाटलं त्यांना कळलं नाही, किंवा कोणते आजोबा हेच आठवत नाही. उशीर झाला, असं माझ्या मनात अगदी स्वच्छ आलं. मार्चमध्ये यायला हवं होतं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"ठोकलेलं वर ऐकू येतं, पोरी. आजोबांची खोली तळघराच्या बरोबर वर. मी हनुवटीला रुमाल बांधत मोजायला बसलो होतो. सात त्रिक एकवीस. एकही नाही आला." ते सावकाश बोलत होते, प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन बघितल्यासारखे. "मग तू चहा करायला गेलीस, तेव्हा मी गेलो खाली. सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्या सातांना?"

"सगळ्यांना. मोठ्याला पहिलं."

"तरी नासलं?"

"नासलं. बूच बसलं नव्हतं नीट. मीच बसवलं होतं, रडत होतो, लक्ष नव्हतं." त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यात हसण्यासारखं काहीतरी आलं, दुसरा कोपरा हलला नाही. "लाकडाला कोण मालक याचं काय पडलंय. पण आपल्या बापाने केलं तर आपण करायचं."

मला राग आला. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्यात मला राग येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, मग शुस्टरसमोर, त्या सगळ्यांसमोर, ती खोटं बोलत नाही म्हणून का सांगितलंत? बाबा म्हणाले, मग काय सांगायचं होतं, गावाला, माझ्या पोरीबद्दल?

"मला तरी सांगायचंत. मला एकटीला."

"वाटलं तूच सांगशील." त्यांनी थाळा बाजूला ठेवला, दमले होते. "आज नाही उद्या सांगेल म्हटलं. त्या तोडणीला येईल तेव्हा. तू नाही आलीस. पुढच्या तोडणीला. मग तू नाताळचीच यायला लागलीस, ताट संपेपर्यंत. बदक खाताना हे कुठे काढायचं? नंतर वाटलं, तो पिंपाचा विषय हिच्या डोक्यातही नसेल. हिला आमची लाज वाटते, म्हणून येत नाही. शिकलेली आहे. तुझी आईही तेच म्हणायची. जाऊ दे, म्हणायची, आपल्याला कंटाळते ती."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलायला जे होतं ते सगळं तिला सांगण्यासारखं होतं. बाबांनी भिंतीला डोकं टेकलं. म्हणाले, जा, तुझी माणसं थांबली असतील, आणि त्या चष्मेवाल्याला माझा नमस्कार सांग. चष्मेवाला कोण ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो समाजशास्त्रवाला एकदाच घरी आला होता, तासभर, तळघर बघायला. त्याचं नाव आता मलाच आठवत नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते.

आयलिन कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, आम्ही निघू का? मी मान हलवली. फाटकाशी निरोपाचा गलका झाला, मार्लिस कोणालातरी बाटली कागदात गुंडाळून देत होती, मग पावलं उताराने खाली गेली. मला मोकळं वाटायला हवं होतं. ओझं उतरलं की माणसं रडतात म्हणे, हसतात म्हणे. मला फक्त थकवा आला होता, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी ऑफिसात करते तेच करायला लागले, कधीपासून, किती वेळ, एकूण किती. बत्तीस नाताळ. दर खेपेला बारा ते चार. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस तास. मी दिवसांत मोजून पाहिलं, चुकलं असेल म्हणून परत मोजलं. पाच दिवस आणि आठ तास. एवढी मी बाबांकडे राहिले होते, आणि आईकडे त्याहून कमी.

बाबांचा डोळा लागला होता. हलकं घोरत होते, ऐकत नसलेला डावा हात माझ्या ॲप्रनवर पडला होता. मी तो उचलला नाही.